आवडाबाईचा डबा कुणी खाल्ला

आवडाबाईनं नवऱ्याच्या डब्यात पुडी टाकली तेव्हा घरात कसलंही भांडण चालू नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं लोकांनी छळ, मारहाण, दारू अशी सगळी कारणं आपापल्या मनानं तिला चिकटवली. सांडू दारू पीत नव्हता. त्यानं बायकोवर हात उचलल्याचं छावणीत कुणी पाहिलं नाही की ऐकलं नाही. पगार घरी येत होता, रॉकेल येत होतं, दिवाळीला लुगडं येत होतं. सांडू तेवढा येत नव्हता.

साल एकोणीसशे एकोणनव्वद. औरंगाबादला छावणीच्या बाजारामागं पत्र्याच्या दोन खोल्या. सांडू मूळचा पिशोरचा, वाळूजला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत नऊ वर्षांपासून कामाला आणि सहा वर्षांपासून युनियनचा पुढारी. सकाळी सहाला कंपनीची बस, साडेतीनला शिफ्ट सुटली की युनियनची खोली, तिथून कुणाच्या तरी घरी. कुणाची बायको रुसून माहेरी गेली की आणायला सांडू. कुणाचा भावकीत वाद झाला की मिटवायला सांडू. कामगारांचे चाळीसेक मोडायला आलेले संसार त्यानं दारात बसून जोडले होते आणि त्याचा आकडा तो भाषणात सांगायचा.

स्वतःच्या घरी तो नऊला यायचा. हातपाय धुवायचा, जेवायचा आणि म्हणायचा, "आज दुपारची वांगी झकास झालती."

मग भिंतीकडं तोंड करून झोपायचा.

नऊ वर्षं रोज हे एक वाक्य. भाजी बदलली की वाक्यातली भाजी बदलायची, बाकी तेच. कधी "मेथीला लसूण जरा जास्त झाला", कधी "चटणी लई फर्मास". आवडाबाई कन्नडच्या पुढच्या एका खेड्यातली, अठराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, मूलबाळ झालेलं नाही. तिच्याशी दिवसभरात दुसरं कुणी फारसं बोलत नव्हतं. त्या एका वाक्यासाठी ती पहाटे चारला उठायची, येसराचा मसाला भाजायची, वांग्याला चार चिरा द्यायची. पिशोरहून आली की सासू म्हणायची, डब्याला एवढं कशाला, भाकर-ठेचा दे. सासूला ते वाक्य ठाऊक नव्हतं.

टीव्ही सांडूनं घेतला. युनियनवाल्यांना बातम्या बघायच्या होत्या म्हणून. ते दोनदा आले, दोन्ही वेळा पडद्यावर मुंग्या होत्या, मग आले नाहीत. टीव्ही तसाच राहिला आणि अँटिना दुरुस्त करायला बाजारातल्या दुकानातला बद्रीनाथ येऊ लागला.

बद्रीनाथ पत्र्यावर, आवडाबाई दारात, टीव्ही आत. तो वरून विचारायचा, "आलं का?" ती आत डोकावून सांगायची, "आलं." त्यानं नळी सोडली की जायचं. "गेलं." परत, "आलं का?" असं चार-पाच वेळा झालं तेव्हा दोघंही हसले. एका दिवसात चार-पाच वेळा काही विचारलं जाणं आवडाबाईला नवीन होतं. अँटिना पुढं वर्षभर बिघडत राहिला.

आता आवडाबाई सरळ बाई होती, ती आधी सरळ रस्त्यानंच गेली. तिच्या जातीत काडीमोड होता. पंचांपुढं काडी मोडायची, बाई मोकळी, माणूस मोकळा, पुढं तिनं पाट लावला तरी कुणी बोट दाखवत नव्हतं. तिच्या मावशीचा झालेला होता. एका रविवारी सांडू दाढी करत असताना तिनं विचारलं.

"अवो, मला काडीमोड द्या."

सांडूनं आरशातून बघितलं. "कामून?"

"मला ऱ्हायचं नाय."

"काय कमी हाय तुला?"

आवडाबाईनं खरंच विचार केला. काय कमी आहे ते तिला एका शब्दात सांगता येईना. सांडूनं गालाचा फेस पुसला.

"म्या चाळीस घरं जोडली. माझंच मोडलं तर उद्या मला कोण दारात उभं करंल? शिवशक्तीवाले तर पेढे वाटतील." शिवशक्ती ही कंपनीतली दुसरी युनियन.

"मग म्या काय करू?"

"टीव्ही बघ."

महिन्याभरानं तिनं परत विचारलं. तेव्हा त्याची गेटसभा होती. "सभा झाल्यावर बोलू," तो म्हणाला. सभा झाली, बोलणं राहिलं.

तेव्हा आवडाबाईनं टीव्ही पाहिला.

आठवड्यातून एकदा संध्याकाळी रहस्याची नाटिका लागायची. त्या दिवशीच्या नाटिकेत एक मोठा बंगला होता, एक बाई, बाईचा नवरा आणि नवऱ्याचा मित्र. बाई आणि मित्र मिळून नवऱ्याला दुधाच्या पेल्यातून विष देतात. नवरा सोफ्यावर मरतो. इन्स्पेक्टर येतो, पेला हुंगतो, बाईच्या बांगड्यांकडं बघतो आणि अर्ध्या तासात दोघांना घेऊन जातो. बद्रीनाथ उंबऱ्यात पाय लांब करून बघत होता.

"येडे हायेत," तो म्हणाला. "घरात कामून मारलं? घरात मेला की इन्स्पेक्टर घरातच येणार. पेलाबी तिथंच ठिवला."

"मग कुठं मारावं?"

"मेल्यावर दुसऱ्याच्या अंगावर जाईल तिथं."

हे गमतीत चाललं होतं. पुढच्या आठवड्यातही गमतीतच होतं. तिसऱ्या आठवड्यात बद्रीनाथनं विचारलं, "त्यांच्या कंपनीत जेवायला कँटीन हाय का डबा नेतात?" आणि ह्या प्रश्नाला ती हसली नाही, तोही हसला नाही.

कट साधा होता. सांडू घरी मेला तर आवडाबाईवर येणार. कंपनीत मेला तर कंपनीवर जाणार. तिथं अ‍ॅसिडच्या टाक्या आहेत, भट्ट्या आहेत, धूर आहे. युनियनचा पुढारी पाळीवर कोसळला म्हटल्यावर चौदाशे कामगार गेटवर बसतील, मॅनेजरच्या नावानं घोषणा देतील आणि पहिल्या रांगेत आवडाबाईला खुर्ची देतील. डबा तर कुणी ना कुणी धुऊनच घरी आणून देईल. बंगलेवाल्यांना हे सुचायचं कारण नव्हतं. बंगल्यातला माणूस डबा नेत नाही.

पुडी बद्रीनाथनं आणून दिली. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

गुरुवारी पहाटे आवडाबाईनं भरली वांगी केली. येसर नेहमीपेक्षा जरा जास्त घातला, कारण पुडीची चव कशी असते ते तिला माहीत नव्हतं आणि विचारायचं राहिलं होतं. डब्याच्या खालच्या कप्प्यात वांगी, वरच्यात दोन भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. सांडूनं डबा उचलला, चप्पल घातली.

"येतो," म्हणाला आणि गेला.

आवडाबाईनं भांडी घासली. कपडे धुतले. मग ज्वारी निवडायला सूप घेऊन दारात बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. ज्वारीत खडे फार होते.

दहाच्या सुमारास वहिदा आली.

वहिदा म्हणजे शफीची बायको, बेगमपुऱ्यात राहणारी. शफी सांडूच्याच खात्यात लेथवर. दोघी ईद-दिवाळीला भेटायच्या तेवढंच. आज मात्र वहिदा तोंड लाल करून, बुरखा खांद्यावर टाकून, बेगमपुऱ्यापासून उन्हात चालत आलेली. हातात स्टीलचं झाकणाचं भांडं.

"आवडाबाई, हे चाखून सांगा," ती बसायच्या आधीच म्हणाली.

"काय हाय?"

"बैंगन. वांगी. कल हमारे घर में बहोत बडा झगडा हुआ. म्हणतो कसा, नऊ साल झाले आवडाभाभीच्या हाताचं खातोय, तुला अजून तसलं एक वांगं जमलं नाही. मैं बोली, कुठं खातोस रे तू आवडाभाभीच्या हाताचं? तर गप. मग खोदून खोदून विचारलं."

आवडाबाईचा हात सुपात थांबला. "कुठं खातात?"

"कंपनीत. अहो, तुम्हाला नाय माहीत? तुमच्याच मालकानं तर कायदा काढलाय."

कायदा असा होता. पहिल्या वर्षी कंपनीत जेवायच्या सुट्टीत सगळे आपापल्या जातीचं बघून बसायचे. पाटलांचं एक टोळकं, भीमनगरच्या पोरांचं एक, मुसलमानांचं भिंतीकडं. सांडूला ते डोळ्यांत खुपलं. त्यानं आपल्या खात्यातली सहा माणसं गोल बसवली आणि सांगितलं, आपला डबा आपण खायचा नाही. झाकणं उघडायची आणि प्रत्येकानं आपला डबा उजवीकडच्याला द्यायचा. सगळे बसल्याशिवाय कुणी घास मोडायचा नाही. जो मोडेल तो दुसऱ्या दिवशी सगळ्यांची भांडी घासेल. महिन्याभरात बाकीच्या खात्यांतही गोल बसू लागले. सांडूनं ह्यावर गेटवर भाषणं केली, नाशकात केलं, एका पेपरात त्याचं नाव आलं. जागा ठरलेल्या होत्या. सांडूच्या उजवीकडं शफी. सांडूच्या डावीकडं भीमनगरचा बन्सी.

"म्हणजे ह्यांचा डबा," आवडाबाई म्हणाली.

"शफी खातो."

"रोज?"

"नऊ साल. तुमचे मालक बन्सीभाऊच्या घरचं खातात. ते तुम्हाला घरी बोलले नाहीत?"

"घरी बोलत व्हते. वांगी झकास झालती म्हणत व्हते."

"ते शफी सांगतो त्यांना. बसमध्ये. रोज विचारतात म्हणे, शफी, आज काय होतं, कसं होतं." वहिदानं भांडं पुढं केलं. "चाखा ना. कशाचा वास कमी पडतो ते सांगा. आजपण वांगीच दिली का?"

आवडाबाई उठली तेव्हा सुपातली ज्वारी खाली सांडली. शफीला तीन लेकरं होती. धाकटं वहिदाच्या बहिणीकडं ठेवलेलं असणार, कारण ते अजून अंगावर पीत होतं. जेवायची सुट्टी साडेअकराला.

"वहिदा," ती म्हणाली, "आजच्या भाजीत पाल पडली."

"काय?"

"मला आत्ता ध्यानात आलं."

पाल म्हटल्यावर पुढं काही समजावावं लागलं नाही. पाल पडलेलं खाऊन घरंच्या घरं मेल्याच्या गोष्टी दोघींनाही लहानपणापासून पाठ होत्या. वहिदानं भांडं तिथंच टाकलं. दोघी पळत बाजारातल्या किराणा दुकानात आल्या, तिथं फोन होता, आणि कंपनीच्या गेटचा नंबर आवडाबाईला तोंडपाठ होता, कारण युनियनच्या प्रत्येक पत्रकावर तो छापलेला असायचा.

फोन गेटवरच्या फकिरा वॉचमननं उचलला.

"सांडूला निरोप द्या. लेथ खात्यातल्या."

"कामगाराला ड्यूटीत निरोप नाय. फक्त मयतीचा निरोप देतो. कोण मेलंय?"

"अजून कुणी नाय."

"मग मेल्यावर करा," असं म्हणून फकिरानं फोन ठेवला. नियम मॅनेजरनं केला होता आणि त्याविरुद्ध सांडूनं दोनदा निवेदन दिलं होतं.

नगर नाक्यावर गंगापूरची एसटी लागलेली होती. ती पावणेअकराला हलली. वहिदा सारखी पुटपुटत होती, आवडाबाई खिडकीतून बघत होती. तिच्या डोक्यात शफी होता, ते तर होतंच. पण शफीच्या बरोबरीनं, आणि हे तिनं पुढं कुणापासून लपवलं नाही, तिच्या डोक्यात ते वाक्य होतं. नऊ वर्षं. मेथीला लसूण जास्त झाला. चटणी लई फर्मास. ती पहाटे चारला कुणासाठी उठत होती ते तिला गोलवाडीच्या फाट्याजवळ नीट समजलं आणि आपल्या नवऱ्याला मारायचा विचार पहिल्यांदाच तिला योग्य वाटला. त्याच वेळी दुसऱ्याच्या नवऱ्याला वाचवायला ती निघाली होती. एसटी मध्येच एका टेम्पोच्या मागं दहा मिनिटं अडकली.

गेटवर पोचल्या तेव्हा अकरा चाळीस झाले होते. भोंगा होऊन गेला होता.

"मघाशी फोन केलता त्या तुमीच का?" फकिरानं विचारलं. "मेलं का कुणी?"

"नाय."

"मग आत सोडता येत नाय."

तेव्हा वहिदा गेटसमोर मातीत बसली आणि तिनं छाती पिटायला सुरुवात केली. शफीचं नाव घेऊन, तीन लेकरांची नावं घेऊन. फकिरा नियमाचा माणूस होता. समोर दिसत होतं ते मयतीसारखंच होतं. त्यानं रजिस्टरमध्ये "मयत" लिहिलं, कुणाची ते मोकळं सोडलं आणि फाटक उघडलं.

खात्याच्या मागं पत्र्याच्या सावलीत सहा माणसं गोल बसली होती. म्हणजे पाच बसली होती. सहावा कारभारी, तो ग्राइंडिंगवर असायचा, त्याचे हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले असायचे आणि लाकडाच्या भुशानं घासून ते स्वच्छ करायला त्याला रोज दहा-पंधरा मिनिटं लागायची. त्यावरून बाकीचे त्याला रोज शिव्या द्यायचे. आत्ताही बन्सी ओरडत होता, "ए कारभाऱ्या, लग्नाला चाललास का?" डबे उघडे होते, उजवीकडं सरकलेले होते. शफीच्या मांडीपुढं भरली वांगी होती. भाकरीचा तुकडा मोडून त्यानं हातात धरला होता आणि कारभारीची वाट बघत होता.

"खाऊ नका," आवडाबाई लांबूनच म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. सांडू उठला. बायको कंपनीत आलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. तिनं कंपनीही कधी पाहिली नव्हती.

"काय झालं? आई गेली का?"

"भाजीत पाल पडली," वहिदा धापा टाकत म्हणाली आणि तिनं शफीच्या हातातला तुकडा काढून फेकला.

एवढ्यात आजूबाजूच्या खात्यांतली माणसं डबे टाकून जमली. शिवशक्तीवाले पुढं. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "पुढाऱ्याच्या घरात पाली शिजवतात काय रे?" आणि चार-दोन जण हसले.

सांडूचा संताप सगळ्या कंपनीला माहीत होता. त्याच्या कानशिलाची शीर टरारली. एक तर बायका गेट ओलांडून आत आलेल्या, त्यात हे.

"माझ्या घरच्या अन्नात पाल नाय पडत," तो म्हणाला. "नऊ वर्षं ह्या शफीनं तिच्या हातचं खाल्लंय. विचारा त्याला. कधी केस निघाला? कधी खडा निघाला?"

"नाय निघाला," शफी म्हणाला.

"मग?" सांडू खाली बसला. त्यानं शफीपुढचा डबा आपल्या पुढ्यात ओढला. "हे बघा. आज कायदा मोडतो. माझा डबा मीच खातो, सगळ्यांदेखत."

त्यानं भाकरी मोडली. अख्खं वांगं त्यावर घेतलं.

आता इथं आवडाबाईला काहीही करायचं नव्हतं. तीस-चाळीस माणसांनी पाल ऐकली होती. वहिदानं ऐकली होती, फकिरा गेटवरून आला होता, त्यानंही ऐकली होती. बायको बिचारी एसटी पकडून सांगायला आली, नवऱ्यानं तोऱ्यात ऐकलं नाही, असं सगळ्या वाळूजनं वर्षानुवर्षं सांगितलं असतं. शफी सुटला होता. तिला फक्त गप्प बसायचं होतं आणि गप्प बसायची तिला नऊ वर्षांची सवय होती.

सांडूनं घास उचलला. तो तिच्याकडं बघत नव्हता, शिवशक्तीवाल्यांकडं बघत होता.

"खाऊ नका," ती म्हणाली. "पाल नव्हती. म्या घातलंय."

आवाज मोठा नव्हता. मागच्यांना ऐकू गेला नाही. गोलातल्या माणसांना गेला.

सांडूचा हात तोंडाशी थांबला. "काय घातलंय?"

"पुडी."

"कसली पुडी?"

"मरायची."

शफीनं आपली बोटं पँटला पुसली, मग पँटकडं पाहिलं. बन्सीनं उगाच आपल्या पुढच्या डब्यावर झाकण ठेवलं. कारभारी तेवढ्यात हात झटकत आला. "बसा की, उभे कामून?" म्हणाला.

"कुणासाठी?" बन्सीनं हळूच विचारलं.

"ह्यांच्यासाठी."

"पण खाणार तो मी होतो," शफी म्हणाला.

"ते मला दहा वाजता कळलं."

सांडूनं घास डब्यात परत ठेवला. अगदी सावकाश, जसा काही तो फुटेल. मग म्हणाला, "तुला मी काय केलं?"

"तुमी राती येऊन म्हणत व्हते वांगी झकास झालती. कुणाच्या जिभेनं म्हणत व्हते?"

सांडूनं शफीकडं पाहिलं. शफी खाली बघत म्हणाला, "मेरी."

"तुमी बन्सीभाऊच्या घरचं खाता ते मला कामून नाय सांगितलं? म्या काय इटाळ धरला असता?"

"आईच्या कानावर गेलं असतं. पिशोरला..."

"नाशकात सांगितलं. पेपरात छापलं. सगळ्या वाळूजला ठावं. पिशोरला नाय आन् मला नाय."

ह्यावर सांडू सहा वर्षांत पहिल्यांदाच कंपनीच्या हद्दीत गप्प राहिला, असं बन्सी पुढं सांगायचा. बन्सीलाही हे सोपं गेलं नव्हतं. ज्या डब्याचा एवढा गाजावाजा झाला तो आपल्या घरचा डबा सांडू स्वतःच्या घरच्यांपासून अजून लपवत होता, हे त्याला त्याच दिवशी कळलं.

वहिदाला सगळं समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा ती उठली आणि आवडाबाईच्या कानाखाली एक लगावली. एकच. आवडाबाईनं हात वर केला नाही.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. सांडू डबा घेऊन भट्टी खात्याकडं गेला आणि डबा वांग्यांसकट आत टाकला. परत आल्यावर जमलेल्यांना म्हणाला, "पालच होती. जा कामावर." फकिरानं रजिस्टरमधलं "मयत" खोडून "पाल" लिहिलं.

सांडूनं पोलिसांत दिलं नाही. ह्याचं श्रेय त्याला पुष्कळांनी दिलं, मन मोठं म्हणाले. मन मोठं असेलही. पण केस झाली असती तर पुढाऱ्याची बायको, टीव्ही दुरुस्तीवाला, डबा, हे सगळं पेपरात आलं असतं, आणि त्या पेपरात आधी एकदा त्याचं नाव चांगल्या कारणानं आलेलं होतं. पुडी कुणी आणून दिली हे त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. संध्याकाळी दोन माणसं बाजारातल्या दुकानात गेली तेव्हा बद्रीनाथ जालन्याला बहिणीकडं गेला होता. तो पुढं दोन वर्षं बहिणीकडंच राहिला. आवडाबाईला त्यानं एकही चिठ्ठी पाठवली नाही आणि तिनंही त्याची चौकशी केली नाही. पुडी त्यानं आणली होती, डबा तिनं भरला होता आणि एसटीत तो नव्हता, एवढं तिला पुरलं.

परत येताना वहिदा तिच्याच बाकावर बसली. नगर नाक्याला उतरल्यावर वहिदा म्हणाली, "आज घरी जाऊ नको. तुझा मालक मारल."

"नाय मारायचे. कधी मारलं नाय."

"तरी. गावाकडून तुझा भाऊ येईपर्यंत माझ्या नजरेसमोर राहा." दोन पावलं चालून ती थांबली. "चुलीकडं जायचं नाय पण."

आवडाबाई तीन दिवस बेगमपुऱ्यात राहिली. शफीनं त्या तीन दिवसांत घरी पाणीसुद्धा स्वतःच्या हातानं घेतलं.

रविवारी युनियनच्या खोलीत काडीमोड झाला. गावाकडून पंच आले, आवडाबाईचा भाऊ आला. कारण कुणी विचारलं नाही, सांडूनं पटत नाही म्हणून सांगितलं. तुरीची काडी होती, ती ओली निघाली, पहिल्यांदा नुसती वाकली. सांडूनं दुसरी मागून घेतली.

गोल मात्र मोडला. त्या शुक्रवारीच सहाही जण आपापल्या ठरल्या जागी बसले, झाकणं उघडली आणि कुणीही डबा उजवीकडं सरकवला नाही. ठराव झाला नाही. प्रत्येकजण आपलं आपण जेवला. सांडूकडं डबाच नव्हता. तो कँटीनमधून वडापाव घेऊन आला आणि मधोमध ठेवून म्हणाला, "घ्या." बन्सीनं एक तुकडा घेतला, त्याच्या मनाला बरं वाटावं म्हणून. पंधरा दिवसांत बाकीच्या खात्यांतले गोलही सैल पडले. सांडू पुढं दोन निवडणुका हरला, एक जिंकला. बायको गेल्याचं त्याला फार लागलं असं दिसलं नाही. डबे सरकायचे थांबले ते त्याला लागलं. त्यावर तो परत कधी भाषणात बोलला नाही.

आवडाबाई भावाकडं चार महिने राहिली. भावजयीनं तिला चुलीपुढं बसू दिलं नाही. काडीमोडाच्या वेळी कारण निघालं नव्हतं, ते मागाहून पायी चालत गावात पोचलं होतं. मग ती परत औरंगाबादला आली. वर्षभर बांधकामावर पाट्या वाहिल्या, नंतर वाळूजलाच रांजणगावच्या बाजूला पत्र्याची एक खोली घेऊन तिनं खानावळ काढली. हे तिला बऱ्याच जणांनी करू नकोस म्हणून सांगितलं होतं. पण तिला दुसरं येत काय होतं?

पहिले दोन महिने एकही गिऱ्हाईक आलं नाही. येसराचा वास रस्त्यापर्यंत जायचा, माणसं दारापर्यंत यायची, नाव ऐकून वळायची. एके दिवशी दुसऱ्या पाळीला जाताना बन्सी आला. एकटाच. बाकावर बसला.

"काय हाय?"

"वांगी."

बन्सीनं पातेल्याकडं पाहिलं. मग आवडाबाईनं एक थाळी वाढली, ती त्याच्यापुढं न ठेवता स्वतःपुढं ठेवली, त्याच्यासमोर बसून अर्धी भाकरी आणि दोन वांगी खाल्ली. पाणी प्यायली. हात धुतले. तेवढा वेळ दोघंही रस्त्यावरच्या बस मोजत बसले. मग तिनं त्याच पातेल्यातलं त्याला वाढलं. बन्सी जेवला. दुसऱ्या दिवशी तो आणखी तिघांना घेऊन आला.

तीस वर्षं ती खानावळ चालली. जुन्या पिढीतले जे जाणत होते ते विचारत नव्हते आणि नव्या पोरांना कुणी सांगत नव्हतं. बिहार-यूपीची पोरं आली, लातूर-परभणीची आली, मावशी मावशी करत पातेल्याभोवती गर्दी करायची. मावशी कुणालाही आधी वाढायची नाही. केस पांढरे झाले, डोळ्याला जाड चष्मा आला, तरी रोज साडेअकराला ती सगळ्यांदेखत प्रत्येक भाजीतला एक-एक घास खायची, पाणी प्यायची आणि पदरानं तोंड पुसून थोडा वेळ नुसती बसायची. भुकेली पोरं चुळबुळ करायची.

"मावशी, आमच्या आधी तुमीच कामून जेवता रोज?" एकदा परभणीच्या एकानं विचारलं.

"मीठ बघते," आवडाबाई म्हणाली.

"मग? बरोबर हाय का?"

"थांब जरा," ती म्हणाली आणि बसून राहिली.